तळकोकणातले लेखक वाचताना आधी बघा, कोण कुठे बसून लिहितंय

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घर मूळचं मालवणजवळचं, शिक्षण आणि नोकरी पुण्यात, गावाला जाणं गणपतीपुरतं. कोकणातले लेखक म्हणून साने गुरुजी झाले, पेंडसे झाले, पु.लं.चा अंतू बर्वा तर तोंडपाठ. पण तळकोकणात, म्हणजे सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीच्या दक्षिणेला, कोणी लिहिलं, आज कोण लिहितंय? सुरुवात कुठून करायची? मालवणी धड येत नाही, तर अडेल का? आणि आईला वाचायला काय द्यावं?

माझी सगळी नोकरी तळकोकणातल्या एका तालुक्याच्या गावी ग्रंथपाल म्हणून झाली. मे महिन्यात आणि चतुर्थीत चाकरमान्यांची मुलं काउंटरवर येऊन हेच विचारायची, त्यामुळे उत्तर बरंचसं घोटलेलं आहे. मात्र यादी देऊन मी कोणाला कधी परत पाठवलं नाही. यादी घेऊन गेलेला माणूस तिसऱ्या पुस्तकाला थांबतो आणि म्हणतो, कोकणातलं सगळं सारखंच: माड, समुद्र, भुतं आणि इरसाल म्हातारे.

सारखं वाटतं, कारण सगळं एकाच खिडकीतून बघितलं जातं. ती खिडकी मुंबईतली. गिरणीत, गोदीत, कचेरीत लागलेला माणूस महिन्याला मनीऑर्डर करायचा आणि गावचं घर त्यावर चालायचं. लिहिणारेही त्याच बोटीने आणि पुढे त्याच एस.टी.ने मुंबईला गेले. गाव सुटल्यावर जे आठवतं ते लिहिलं गेलं, आणि आठवणीतलं गाव नेहमी थोडं हिरवंच असतं. म्हणून कोकणावरचं पुस्तक हातात घेतलं की मी आधी बघते, हा माणूस लिहिताना बसला होता कुठे? मुंबईत की गावात? गावात असेल तर कुठल्या वाडीत? आपल्या गावात बामणवाडी, भंडारवाडा, गाबीतवाडा, चांभारवाडी, बौद्धवाडी अशी वेगळाली गावं नांदतात, आणि एका वाडीतून दिसणारं गाव दुसरीतून दिसत नाही.

या कसोटीवर काही मोठी नावं पहिल्याच फेरीत बाजूला पडतात. विंदा करंदीकर १९१८ साली देवगड तालुक्यातल्या धालवलीत जन्मले, मंगेश पाडगावकर १९२९ साली वेंगुर्ल्यात. दोघांचा अभिमान आम्हाला आहेच. विंदांना २००३ चं ज्ञानपीठ मिळालं तेव्हा आम्ही वाचनालयात पेढे वाटले. पण तळकोकण समजून घ्यायला सुरुवात त्यांच्यापासून करू नका, त्यांच्या कवितेचा मुक्काम दुसरीकडे आहे. मधु मंगेश कर्णिकांचं तसं नाही. करूळचा हा मुलगा मुंबईत राहूनही गावाकडे तोंड करूनच लिहीत राहिला. 'कोकणी गं वस्ती'मधल्या कथा जरूर वाचा, आणि गावातून मुंबईत येऊन पडलेल्या माणसांचं काय होतं ते 'माहीमची खाडी'त (१९६९) वाचा. त्यांचं दुसरं काम संस्था उभारण्याचं. १९९१ साली कोकण मराठी साहित्य परिषद त्यांच्या पुढाकाराने निघाली, आणि केशवसुतांचं जन्मगाव असलेल्या मालगुंडला परिषदेने स्मारक उभं केलं. गणपतीपुळ्याला जाल तेव्हा तिथून मालगुंड अगदी जवळ आहे. देवळातून परस्पर माघारी फिरू नका.

आता खरी जागा. नकाशावर वेंगुर्ला, शिरोडा, आरवली, तेंडोली, कुडाळ आणि सावंतवाडी शोधा. एस.टी.ने एका दिवसात फिरून होईल एवढाच हा पट्टा, पण मराठी कादंबरी आणि नाटकाच्या गेल्या शंभर वर्षांतला मोठा ऐवज त्यात आहे.

शिरोड्यात १९२० ते १९३८ वि. स. खांडेकर शाळामास्तर होते. माणूस सांगलीचा, आमच्याकडे आला आणि रमला. 'उल्का', 'दोन ध्रुव' या कादंबऱ्या त्या काळातल्या. १९३० साली शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, तोही त्यांच्या डोळ्यांसमोर. तरी त्यांच्या कादंबऱ्यांत शिरोडं शोधू नका. त्यांचं लक्ष विचारांवर, ध्येयांवर. गावाची माती कादंबरीला लागू न देण्याची तेव्हा रीतच होती. शिरोड्याचे खांडेकर भेटतात ते 'एका पानाची कहाणी' या आत्मकथनात. मी तर 'ययाति'च्या आधी तेच पुस्तक पुढे करायची.

शिरोड्याला लागून आरवली, वेतोबाचं गाव. वेतोबाला नवस फेडताना भल्या मोठ्या चपला वाहतात आणि केळ्यांचे घड देतात. देव रात्री गावात फिरतो, त्या चपला झिजतात, अशी श्रद्धा. जयवंत दळवींचं (१९२५-१९९४) गाव हेच. पुणेकर वाचक त्यांना 'ठणठणपाळ' या टोपणनावाने किंवा नाटककार म्हणून ओळखतात. तुम्ही 'सारे प्रवासी घडीचे' (१९६४) घ्या. पहिल्यांदा वाचताना हसून पोट दुखेल. दुसऱ्यांदा मात्र एकेका माणसाचा शेवट काय होतो तेवढाच बघत जा. दारिद्र्य, वेड, एकटेपणा, अडकलेली लग्नं, बाईमाणसाची कुचंबणा, सगळं त्यात आहे. ते विनोदाच्या पदराखाली इतकं सफाईने झाकलंय, की हसता हसता आपण त्यावरून पुढे निघून जातो. विनोदी पुस्तक म्हणून ते वाचनालयातून नेलेली माणसं परत करताना जरा गप्प असायची.

दळवी मुंबईला अमेरिकन माहिती खात्यात नोकरीला होते, म्हणजे तेही खिडकीतून बघणारेच. पण त्यांच्या खिडकीला रंगीत काच नव्हती. 'महानंदा'त (१९७०) देवळाच्या आधाराने जगणाऱ्या भाविणींचं आयुष्य येतं. या गोष्टीवर आपल्याकडे सगळ्यांनीच मौन पाळलं होतं. देऊळ, मानपान, पालखी यांचं कौतुक करणाऱ्या घरांत हे पुस्तक गुपचूप वाचलं गेलं. ते कव्हर घालून नेणारेही मी पाहिलेत.

चिं. त्र्यं. खानोलकरांपाशी जरा जास्त वेळ थांबते. १९३० साली तेंडोलीजवळ बागलांच्या राईत जन्म, १९७६ साली मृत्यू. मधल्या सेहेचाळीस वर्षांत कविता, कथा, कादंबरी, नाटक, सगळं आणि सगळंच वेगळं. कविता आरती प्रभू या नावाने. तरुणपणी ते कुडाळला खानावळ चालवत होते. गल्ल्यावर बसून हिशेब लिहायचा आणि तिथूनच 'सत्यकथा' मासिकाला कविता पाठवायच्या, असे ते दिवस. पुढे मुंबईला आकाशवाणीत गेले, पण नोकरी फार दिवस टिकली नाही. 'जोगवा' १९५९ ला आला, 'दिवेलागण' १९६२ ला, 'नक्षत्रांचे देणे' १९७५ ला. या शेवटच्या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा कवी जाऊन दोन वर्षं झाली होती.

लोक 'ये रे घना'पासून आरती प्रभूंकडे येतात. येऊ देत, वाट चांगलीच आहे. मात्र गाण्यातला हळवा कवी डोक्यात ठेवून कादंबरी उघडलीत तर बिचकाल. म्हणून क्रम मी सांगते तो धरा. आधी 'गणुराया आणि चानी'. एका पुस्तकात दोन छोट्या कादंबऱ्या आहेत, दोन संध्याकाळींत वाचून होतात. चानी ही गोऱ्या शिपायापासून झालेली, घाऱ्या डोळ्यांची, पिंगट केसांची पोर. गावाने तिला वेगळी ठरवली, मग तिला पाप ठरवली, आणि शेवटी गावातलं सगळं वाईट तिच्या नावावर मांडून टाकलं. मग 'कोंडुरा' (१९६६). कोंडुरा ही वेंगुर्ल्याकडची खरोखरची जागा आहे. कड्याच्या कपारीत समुद्र घुसतो आणि आतून घुमतो. तो आवाज ऐकून आलेल्या माणसाला ही कादंबरी वेगळीच लागते. साक्षात्कार झाला असं मानणारा एक माणूस, त्याला मिळालेली शक्ती, आणि त्या शक्तीने होणारा नाश. श्याम बेनेगलांनी तिच्यावर सिनेमाही काढला. 'रात्र काळी घागर काळी' (१९६२) सगळ्यांत शेवटी ठेवा. ती अवघड आहे, आणि घाईने वाचली तर नुसती विचित्र वाटते.

खानोलकरांवर एक आरोप नेहमी होतो, की ते सगळं नियतीवर ढकलतात, माणसाच्या हातात काही ठेवत नाहीत. शहरात बसून वाचलं तर असं वाटणं साहजिक आहे. आमच्याकडे मात्र जमिनीचा वाद असो, लग्न ठरवायचं असो की विहीर खणायची असो, आधी देवाला कौल लावतात. गाऱ्हाणं घालतात. कोणाच्या तरी अंगात देवाचा अवसर येतो आणि तो बोलतो. देवचार, राखणदार ही गावाची राखण करणारी दैवतं म्हणजे गोष्टीतली पात्रं नव्हेत, त्यांचा वर्षाचा मान ठरलेला असतो आणि तो चुकला तर बैठक बसते. हा सगळा गावचा कारभार आहे. खानोलकरांनी तो कारभार आतून लिहिला, आणि त्याच्या हाताखाली एकटा माणूस कसा चिरडतो तेही लिहिलं. त्यांच्यानंतर कोकणातल्या भुताखेतांवर लिहिणारे खूप झाले. त्यांच्या लिखाणात भूत आहे, कारभार नाही. म्हणून एकदा वाचून संपतात.

नाटकाकडे वळते, कारण आपल्या भागात नाटक आधी आणि पुस्तक नंतर. जत्रेत रात्रभर दशावतार चालतो. संहिता लिहिलेली नसते. आख्यान ठरलं की नट रंगपटात बसून प्रवेश ठरवतात, आणि संवाद उभ्याउभ्या सुचतील ते. देवादिकांच्या तोंडी प्रमाण मराठी, संकासुर हा राक्षस मात्र मालवणी बोलतो आणि राजकारण्यांपासून सावकारापर्यंत सगळ्यांना झोडपतो. खानोलकरांनी ब्रेख्तच्या नाटकावरून 'अजब न्याय वर्तुळाचा' केलं तेव्हा लोकनाट्याची ही मोकळीक कामी आली. मग १९८० साली गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' आलं. गवाणकर राजापूर तालुक्यातल्या माडबनचे. पुढे अणुऊर्जा प्रकल्पामुळे ज्याचं नाव रोज पेपरात यायला लागलं तेच माडबन. गावची हौशी मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचं नाटक बसवतात आणि त्याचे तीनतेरा वाजतात, एवढंच कथानक. मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच आणि पाच हजारांवर प्रयोग, हा इतिहास तुम्हाला माहीत असेलच.

त्याआधी मुंबईच्या रंगभूमीवर मालवणी बोलायचा तो घरगडी. मालवणी माणूस नाटकाचा मालक होऊन उभा राहिला तो 'वस्त्रहरण'मध्ये, आणि ही गोष्ट लहान नाही. पण त्या यशाची किंमतही आम्ही मोजली. तेव्हापासून मालवणी म्हणजे हशा, असं समीकरण घट्ट बसलं. एखाद्या कवीने व्यासपीठावर मालवणीत मरणाची कविता सुरू केली तरी पहिल्या ओळीला टाळ्या आणि हसू येतं, हे मी संमेलनांत पाहिलंय. गवाणकरांचा यात दोष नाही. दोष आपल्या कानांचा. तो काढायचा असेल तर नामदेव गवळींचा 'भातालय' वाचा. मालवणी कविता, पण शेतीतल्या, घामाच्या, हशाची वाट न बघणाऱ्या. महेश केळुसकरांची 'झिनझिनाट' आधी ऐका आणि नंतर वाचा. ती सांगण्याची कविता आहे, कागदावर अर्धीच उतरते.

यापुढची दोन पुस्तकं तुमच्या यादीत नव्हती, आणि गणपतीला येणाऱ्या कोणाच्याच यादीत ती नसतात.

पहिलं माधव कोंडविलकरांचं 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे' (१९७९). देवाचे गोठणे राजापूर तालुक्यात आहे. भार्गवरामाचं देऊळ तिथलंच, आणि आता कातळशिल्पांमुळे लोक तिथे होकायंत्र घेऊन जातात. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, एका शिल्पाजवळ होकायंत्राची सुई भलतीकडे फिरते म्हणे. कोंडविलकर तिथल्या चांभारवाडीतले आणि पेशाने प्राथमिक शिक्षक. पुस्तक रोजनिशीच्या रूपात आहे. शिकून मास्तर झालेला माणूस आपल्याच गावात राहतो, गाव त्याला मास्तर म्हणतं आणि त्याच दमात त्याची जागाही दाखवतं. त्यात मोठे प्रसंग फारसे नाहीत. कोणी पाणी वरून कसं ओततं, कोणाच्या पडवीत कुठपर्यंत जायचं, शाळेत कोण कुठे बसतं, चप्पल शिवून घेणारा पैसे कसे टाकतो, अशा बारीक गोष्टींचं ते पुस्तक आहे. रोजनिशी हा प्रकार त्याला चपखल बसतो, कारण असा अपमान एकदम येत नाही, रोज थोडा थोडा येतो. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'मधला खोतवाडा वाचून झाला असेल तर लगोलग हे वाचा. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, गावातली उतरंड कशी तग धरून राहिली ते इथे दिसतं.

दुसरं ऊर्मिला पवारांचं 'आयदान' (२००३, ग्रंथाली). त्यांचं मूळ गाव रत्नागिरीजवळचं फणसवळे. सुरुवातीलाच गावातल्या बायका डोक्यावर लाकूडफाटा, गवत, सुकी मासळी, असली ओझी घेऊन डोंगर चढून-उतरून रत्नागिरीच्या बाजारात विकायला जातात. त्या वाटेवरचं त्यांचं बोलणं, हसणं, शिव्या, रडणं, हे मराठी गद्यातल्या सर्वोत्तम पानांपैकी आहे असं माझं मत आहे आणि मी ते भांडून सांगेन. वडील लवकर गेले. आई आयदानं, म्हणजे बांबूची सुपं-टोपल्या, विणून घर चालवायची. देशावर बांबूचं हे काम बुरूड करतात, कोकणात ते महार समाजाकडे होतं. आईचं दिवसरात्र विणणं आणि लेकीचं लिहिणं यांची सांगड लेखिका स्वतःच घालते, मी वेगळं काय सांगू. मला त्यात भावतो तो निर्भीड विनोद. भूक, अंग, नवरा, चळवळीतले पुरुष, कोणालाच सूट नाही. सासरी-माहेरी जे बोलायचं नसतं ते सगळं तिथे बोललं जातं. त्यांचे 'सहावं बोट' आणि 'चौथी भिंत' हे कथासंग्रहही शोधा. आणि मीनाक्षी मून यांच्याबरोबर त्यांनी केलेलं 'आम्हीही इतिहास घडवला' हे आंबेडकरी चळवळीतल्या बायकांवरचं पुस्तक मिळालं तर सोडू नका.

तळकोकणाबाहेरचं एकच नाव जाता जाता, कारण त्याच्याशिवाय वाड्यांचा हिशेब पुरा होत नाही. हमीद दलवाई, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. मुस्लिम सत्यशोधक मंडळाचे संस्थापक म्हणून सगळे ओळखतात, कथाकार म्हणून फार थोडे. 'लाट'मधल्या कथा आणि 'इंधन' (१९६५) ही छोटी कादंबरी वाचा. बऱ्याच वर्षांनी एक जण गावी परततो, आणि हिंदू-मुसलमान दोन्ही वस्त्यांत बघता बघता आग कशी पेटते ते त्याच्या नजरेने दिसतं. कोणाचीच बाजू न घेता लिहिणं किती कठीण असतं ते त्यात कळतं. दिलीप चित्र्यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला. आपल्या खाडीकाठच्या मुसलमान वस्तीचं आतलं चित्र मराठीत इतकं विरळ का, हे मला अजून खटकतं.

आज कोण लिहितंय, हाही तुमचा प्रश्न होता. इथे गोष्ट बदलते, कारण आता गावात राहून लिहिता येतं. १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला, तालुक्यातालुक्यांत कॉलेजं आली, १९९८ पासून कोकण रेल्वे धावू लागली. लिहिणाऱ्याला पोटासाठी मुंबई गाठण्याची सक्ती राहिली नाही. या पिढीचे वडीलधारे म्हणजे सावंतवाडीचे कवी प्रा. वसंत सावंत. 'देवराई', 'उगवाई', 'सागरेश्वर' हे त्यांचे संग्रह. इथे राहूनही गंभीर कविता लिहिता येते हे त्यांनी दाखवलं.

त्यांच्यानंतरच्यांत प्रवीण बांदेकर आधी घ्या. सावंतवाडीला इंग्रजीचे प्राध्यापक, कवी म्हणून सुरुवात, 'नवाक्षर दर्शन' नियतकालिकाचे संपादक. 'चाळेगत' (२००९) ही कादंबरी खाणी, जमिनींचे दलाल, पर्यटनाच्या नावाखाली विकलं जाणारं गाव, या सगळ्याबद्दल आहे. खानोलकरांच्या वेळी गावावर देवचाराची सत्ता होती, इथे ती डंपरवाल्याकडे गेलेली दिसते, आणि गंमत म्हणजे देवचारही अजून कुठे गेलेला नाही. 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या'ला २०२२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथीची आणि कळसूत्री बाहुल्यांची जुनी परंपरा आहे. परशुराम गंगावणे यांना तिच्यासाठी पद्मश्री मिळाली. बाहुल्या नाचवणाऱ्यांच्या त्या जगाच्या आधाराने बांदेकर आजच्या काळाकडे बघतात. धाग्यावर नाचणारं कोण आणि नाचवणारं कोण, हे ओळखायचं काम वाचकाचं. ही कादंबरी सरळ रेषेत चालत नाही. पहिली पन्नास पानं धीर धरा.

कवितेत अजय कांडर. 'आवानओल' आधी, विशेषतः त्यातल्या कष्टकरी बायांवरच्या कविता. मग 'हत्ती इलो' ही दीर्घकविता. कर्नाटकातून हत्ती तिलारी खोऱ्यात उतरून दोडामार्गकडच्या माड-केळीच्या बागा तुडवू लागले ते २००२ च्या सुमारास. कवितेतला हत्ती मात्र जंगलातला राहत नाही, सत्तेचा होतो. वेंगुर्ल्याचे वीरधवल परब 'दर साल दर शेकडा' आणि 'ममं म्हणा फक्त' या संग्रहांत बाजार, बँक, धर्म, सगळ्यांची भाषा घेऊन तिलाच उलटी टांगतात. ते मला बरेचदा कांडरांपेक्षाही आवडतात, पण पहिल्या वाचनाला देत नाही.

या सगळ्या नावांत बायका किती, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, मीच विचारते. कमी. फुगडीची गाणी, जात्यावरच्या ओव्या, डाळपस्वारीपासून (देवाच्या गावफेरीपासून) बारशापर्यंत प्रत्येक गोष्टीला गाणं, एवढा साठा ज्यांच्याकडे होता त्यांच्या हाती लेखणी फार उशिरा आली. ग्रंथपाल म्हणून मी वर्षानुवर्षं पाहिलं ते हे, की सगळ्यांत जास्त पुस्तकं नेणाऱ्या बायका आणि शेल्फवर त्यांची स्वतःची नावं नाहीत. आता कविसंमेलनांतून तरुण मुली दिसतात. त्यांचे संग्रह पातळ असतात, दोन-तीनशे प्रती निघतात आणि पुण्याच्या दुकानात पोचत नाहीत. गावी आलात की तिथेच विकत घ्या.

पुस्तकं मिळण्याबद्दल. खानोलकर, दळवी, पवार, बांदेकर पुण्यात सहज मिळतील. कोंडविलकरांसाठी जुन्या पुस्तकांची दुकानं धुंडाळावी लागतील. कवितासंग्रहांसाठी गावाकडची वाचनालयंच बरी. आपल्याकडची वाचनालयं जुनी आहेत. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. चिपळूणला जुलै २०२१ च्या पुरात पाणी शिरलं आणि ग्रंथसंपदेचं मोठं नुकसान झालं. तिथे जाल तर काहीतरी देणगी ठेवून या. वाचनालयात गेल्यावर नुसतं कॅटलॉग बघू नका. स्थानिक दिवाळी अंकांचे बांधीव खंड मागा. सिंधुदुर्गातल्या लेखकांचं पहिलं लेखन बहुतेक तिथेच सापडतं, आणि ते कपाट सहसा कोणी उघडत नसल्यामुळे ग्रंथपालाला आनंद होतो.

मालवणी येत नाही म्हणून अडणार नाही. दळवी, खानोलकर, कोंडविलकर, पवार, सगळ्यांचं निवेदन प्रमाण मराठीत आहे, बोली येते ती संवादांत. संवाद अडला की मोठ्याने वाचा. डोळ्याला परकं वाटणारं वाक्य कानाला ओळखीचं लागतं, कारण ते तुम्ही लहानपणी चुलीपाशी ऐकलेलं असतं. 'भातालय'सारखा पूर्ण मालवणी संग्रह घेताना गावच्या कोणाला तरी फोन लावून कविता वाचून दाखवा. चुकलेले उच्चार तो माणूस सुधारल्याशिवाय राहणार नाही.

तुमच्यासाठी पहिली चार: 'सारे प्रवासी घडीचे', 'गणुराया आणि चानी', 'आयदान', 'चाळेगत'. याच क्रमाने. यातलं जे आवडेल त्याच्या मागे पुढे जा, आवडलं नाही ते खुशाल अर्धवट टाका.

आईंना दळवी द्या, पण 'महानंदा' नको, निदान आधी नको. त्या जर शिक्षिका किंवा नोकरदार असतील तर 'आयदान' त्यांनाच आधी द्या आणि तुम्ही मागाहून घ्या. डोळ्यांचा त्रास असेल तर मोठ्याने वाचून दाखवायला 'सारे प्रवासी घडीचे' उत्तम. एका बैठकीला एक माणूस पुरतो, आणि आई मध्येच थांबवून आपल्या वाडीतला तसाच कोणी सांगायला लागल्या तर पुस्तक मिटून ते ऐका, जमल्यास फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.